तिरक्या इंजिनाची कुळकथा

रेडिओवर उडणारं मॉडेल विमान वरून न्याहाळलं, तर नाकावरचं इंजिन किंचित उजवीकडे वळलेलं दिसतं. बाजूने पाहिलं तर जरासं खाली झुकलेलं. नवा गडी हमखास स्क्रू सैल करतो, गुण्या लावून इंजिन काटकोनात आणतो, आणि मग मैदानावर पूर्ण थ्रॉटल देताच विमान डावीकडे ओढायला लागलं की रिमोटला शिव्या घालतो. हा दोन-तीन अंशांचा तिरकेपणा मुद्दाम ठेवलेला असतो. त्याचं कूळ रेडिओच्याही आधीचं आहे, आणि ते कळलं की इंजिन बसवायची निम्मी विद्या हाती आली असं मी समजतो.

भानगड पंख्याची आहे. वैमानिकाच्या जागेवरून पाहिलं तर तो सहसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणून उरलेलं विमान उलट्या दिशेला, म्हणजे डावीकडे कलायला बघतं. शिवाय पंख्याने मागे फेकलेली हवा पीळ घेत जाते आणि उभ्या शेपटाला डाव्या अंगाने धडकते. नाक आणखी डावीकडे जातं. राइट बंधूंनी 1903 साली हा प्रश्न मुळातूनच टाळला होता. त्यांचे दोन पंखे परस्परविरुद्ध फिरत. त्यासाठी एक साखळी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पिळून घातली होती. पुढे इटलीच्या माक्की 202 या लढाऊ विमानाचा डावा पंख उजव्यापेक्षा सुमारे 20 सेंटिमीटर लांब केला गेला. मोठ्या विमानांना असले खर्चिक उपाय परवडतात, आणि आत रडरवर पाय ठेवून माणूसही बसलेला असतो.

मॉडेलमध्ये माणूस नाही. आल्फोन्स पेनो याने 18 ऑगस्ट 1871 रोजी पॅरिसच्या त्युइलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारं छोटं विमान सोडलं. ते 11 सेकंदांत सुमारे 40 मीटर गेलं. तिथून पुढची साठ-सत्तर वर्षं मॉडेल विमान म्हणजे हातातून सोडायचं आणि मागे धावायचं. विमानाला सांगायचं ते सगळं जमिनीवरच सांगून ठेवावं लागे. पूर्ण पीळ दिलेलं रबर पहिल्या काही सेकंदांत जोरात उसळतं आणि मग मवाळ होत जातं. त्या उसळीवर उपाय म्हणून नाकाचा ठोकळा सुटा ठेवायचे आणि त्याच्या फटीत बाल्साची पातळ चिपाटी सारून पंख्याचा दांडा खाली किंवा बाजूला वळवायचे. आज इंजिनाच्या माउंटमागे कोनासाठी घालतात त्या वॉशरचा हाच मूळपुरुष.

1930 च्या दशकात फिलाडेल्फियाच्या बिल ब्राउनने साधारण 10 सीसीचं छोटं पेट्रोल इंजिन बनवलं, आणि त्याचा मित्र मॅक्सवेल बॅसेट याने 1933 च्या अमेरिकन राष्ट्रीय स्पर्धेत रबरवाल्यांना असं धुतलं की इंजिनवाल्यांसाठी वेगळा गट काढावा लागला. ब्राउन ज्युनियर इंजिन बाजारात आलं आणि चिपाटीचं काम गंभीर झालं. स्पर्धेत आधी इंधन मोजून मिळे. नंतर इंजिन किती सेकंद चालायचं यावर मर्यादा आली. म्हणजे तेवढ्या वेळात तुफान वर चढायचं आणि मग इंजिन बंद झाल्यावर शांतपणे तरंगत राहायचं. एकाच विमानाचे हे दोन स्वभाव. रडर वाकवून चढाई सरळ केली, तर इंजिन थांबताच तोच रडर तरंगणं बिघडवतो. म्हणून आधी शेपूट आणि रडर तरंगण्यासाठी जुळवायचे, मग त्यांना हात न लावता चढाईची खोड फक्त इंजिन वळवून मोडायची. इंजिन बंद, की त्याचा तिरकेपणाही बंद. रोगाबरोबर वाढणारं आणि रोगाबरोबर ओसरणारं असं औषध दुसरं सापडलं नाही.

वॉल्टर आणि विल्यम गुड या मिशिगनच्या जुळ्या भावांनी 1937 मध्ये ‘गफ’ नावाचं विमान रेडिओवर उडवलं. आता तरी इंजिन सरळ बसायला हरकत नव्हती. पण त्यानंतरही बरीच वर्षं बहुतेक हौशी उडवणाऱ्यांच्या हाती फक्त रडर असे, थ्रॉटल नव्हता. रेडिओ लावलेलं विमान मूळचं फ्री फ्लाइटच, म्हणजे हातातून सोडून द्यायचं विमानच राही, त्यामुळे तिरकं इंजिनही आलं तसंच आत शिरलं. 1947 च्या सुमारास रे आर्डनचा ग्लो प्लग आला, कॉइल आणि इग्निशनच्या बॅटरीचं ओझं गेलं, ताकद वाढली. मग थ्रॉटलही आला, आणि तेव्हा तर तिरकेपणाची गरज वाढली: थ्रॉटल दर क्षणी बदलणार, ओढ त्याच्यासोबत बदलणार, आणि रडरचं ट्रिम एकाच वेगाला बरोबर बसणार. नियंत्रण हाती आलं तरी अंगठा प्रत्येक वेळी पोहोचत नाही.

बसवण्याची पद्धत मात्र बदलली. पूर्वी मेपलसारख्या कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या सांगाड्यातून पुढे काढून त्यांवर इंजिन आडवं ठेवत. कोन बदलायचा तर भोकं नव्याने पाडावी लागत. आता नाकातल्या प्लायवुडच्या भिंतीवर, म्हणजे फायरवॉलवर, काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचा माउंट येतो. उजवीकडे वळवायचं तर डाव्या बाजूच्या दोन स्क्रूंमागे वॉशर, खाली झुकवायचं तर वरच्या दोन स्क्रूंमागे. स्क्रूंमधलं अंतर 50 मिलिमीटर असेल, तर पावणेदोन मिलिमीटर जाडीला दोन अंश मिळतात. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात: पंखा फायरवॉलच्या 115 मिलिमीटर पुढे असेल, तर दोन अंशांत त्याचं मध्य 4 मिलिमीटर उजवीकडे सरकतं. म्हणून भोकं पाडण्याआधीच अख्खा माउंट 4 मिलिमीटर डावीकडे घ्यायचा. तसं केलं नाही तर पंख्यावरची टोपी (स्पिनर) आणि इंजिनावरच्या कवचाची (काउलिंग) कडा जुळत नाही आणि रंगकाम कितीही सुरेख असो, नाक वाकडं दिसतं.

कोन खरा की खोटा, हे वारा नसताना तपासावं. समांतर उडत असताना पूर्ण ताकद द्यायची, विमान सरळ वर खेचायचं आणि काठ्यांवरची बोटं सैल सोडायची. डावीकडे गेलं तर उजवा कोन कमी आहे. मग समांतर उड्डाणात थ्रॉटल एकदम बंद करायचा: नाक लगेच खाली पडलं तर इंजिन आणखी झुकवायचं, क्षणभर वर आलं तर झुकाव जास्त झालाय. दर वेळी एकच वॉशर बदलावा. दोन्ही बाजूंना एकदम हात घालणारे शेवटी कशाने काय झालं तेच विसरतात.

तारेवर गोल फिरणाऱ्या कंट्रोल लाइन विमानातही इंजिन वर्तुळाबाहेर वळवतात, पण तिथे कारण निराळं: तारा ताणलेल्या राहाव्यात. आता रिमोटमध्ये थ्रॉटलला रडर जोडून देणारं मिक्सिंग आहे, त्यामुळे वॉशरशिवायही बरंचसं भागतं. अॅरोबॅटिक्सच्या मोठ्या स्पर्धांत तर काही जण एकाच अक्षावर परस्परविरुद्ध फिरणारे दोन पंखे लावतात आणि बाजूचा कोन जवळजवळ काढूनच टाकतात. ती जोडणी महाग आणि वजनदार आहे, म्हणून बाकीचे अजून वॉशरच मोजतात.