सुट्टीत महागड्या रेस्टॉरंटमध्ये जेवताय? सर्व्हिस चार्ज, जीएसटी आणि 'मार्केट रेट'... बिलातली प्रत्येक ओळ समजून घ्या

डिसेंबरात आम्ही चौघं गोव्याला गेलो होतो. आई-बाबांच्या लग्नाचा तिसावा वाढदिवस होता. रोज फिश थाळी खातोच, एक दिवस जरा चांगल्या ठिकाणी जेवू, असं मीच सुचवलं. समुद्राकाठचं रेस्टॉरंट, टेबलावर मेणबत्ती, मांडीवर कापडी नॅपकिन. मेन्यू बघून मी मनात साडेचार हजारांचा हिशेब केला होता. बिल आलं ७,३९२ रुपयांचं.

बाबांनी ते एकदा वाचलं, घडी घातली आणि कार्ड काढलं. "होऊ दे गं, आपण काय रोज येतोय का?" एवढंच म्हणाले. परतताना गाडीत मात्र त्यांनी हळूच विचारलं, "त्या माशाचे नक्की किती लावले त्यांनी?"

याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. रूमवर येऊन तेच बिल पुढ्यात घेऊन बसले. त्यातली कुठली रक्कम देणं बंधनकारक होतं, कुठली आपल्या मर्जीची होती आणि कुठली फक्त न विचारल्यामुळे वाढली? एकेक ओळ बघूया.

आधी ते बिल

मासा (चोणक, १,१५० ग्रॅम): २,९९० रुपये
पाण्याच्या ३ बाटल्या: ५४० रुपये
बाकीचं जेवण: २,८७० रुपये
एकूण: ६,४०० रुपये
सर्व्हिस चार्ज १० टक्के: ६४० रुपये
जीएसटी ५ टक्के: ३५२ रुपये
देय रक्कम: ७,३९२ रुपये

'मार्केट रेट' म्हणजे काय?

मासे, खेकडे, लॉबस्टर यांच्यापुढे मेन्यूत बऱ्याचदा किंमत नसते. तिथे 'मार्केट रेट', 'एपीएस' म्हणजे 'अ‍ॅज पर साइझ', किंवा प्रति १०० ग्रॅमचा दर लिहिलेला असतो. यात लबाडी असतेच असं नाही. माशाचा भाव आवक बघून रोज बदलतो आणि अख्खा मासा वजनावरच विकला जातो.

गडबड होते ती आपल्या अंदाजात. आमच्या टेबलावर वेटरने दर सांगितला होता, "टू सिक्स्टी." मी तो एका प्लेटचा समजले. तो होता १०० ग्रॅमचा. साडेअकराशे ग्रॅमच्या माशाचे झाले २,९९० रुपये.

म्हणून ऑर्डर देण्याआधी तीन प्रश्न विचारा:

- दर किती ग्रॅमचा आहे?
- वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं? अख्ख्या माशाचं वजन सहसा डोकं, काटे, खवले धरूनच होतं.
- या माशाचे एकूण किती होतील?

मासा टेबलावर आणून दाखवायला आणि समोर वजन करायला सांगणं यात काहीही वावगं नाही. चांगल्या ठिकाणी ते स्वतःहूनच दाखवतात.

नावांचाही घोळ होतो. गोव्यात जो 'इस्वण' तो आपली सुरमई. 'चोणक' म्हणजे रायगडकरांचा जिताडा. मेन्यूत हेच मासे अनुक्रमे 'किंगफिश' आणि 'सी बास' म्हणून येतात.

आणखी एक गोष्ट. पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. पावसाळ्यात गोव्याला जात असाल तर 'आजचा ताजा मासा' कुठून आला, हे विचारायला हरकत नाही. फ्रोझन मासा वाईटच असतो असं नाही, पण त्याला ताज्याचा दर देऊ नका.

पाण्याची २० रुपयांची बाटली १८० रुपयांना? चालतं का?

हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये चालतं. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर निकाल दिला. आपण तिथे नुसती बाटली विकत घ्यायला जात नाही, बसण्याची जागा, वातावरण, सेवा हे सगळं मिळून घेतो. त्यामुळे छापील किमतीपेक्षा जास्त दर लावला म्हणून हॉटेलवर वजनमाप कायद्याखाली कारवाई करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

दुकानदाराला ही सूट नाही. शेजारच्या किराणा दुकानात एमआरपीच लागू होते.

मग उपाय काय? टेबलावर बसल्या बसल्या येणारा "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" हा प्रश्न नीट ऐका. त्यात दोनच पर्याय असतात आणि दोन्ही पैशांचे असतात. तिसरा पर्याय आपण बोलायचा असतो: "रेग्युलर वॉटर द्या." म्हणजे फिल्टरचं साधं पाणी. आम्ही एवढं म्हटलं असतं तर बिल ५४० रुपयांनी, शिवाय त्यावरच्या चार्ज आणि करांनी कमी झालं असतं.

सर्व्हिस चार्ज द्यावाच लागतो का?

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज याच ओळीबद्दल आहेत.

सर्व्हिस चार्ज हा सरकारी कर नाही. तो रेस्टॉरंट स्वतः लावतं आणि ते पैसे सरकारकडे जात नाहीत. बिलात तो जीएसटीला चिकटून छापलेला असतो, त्यामुळे तोही करच वाटतो.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबाबत मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार:

- सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही.
- दुसऱ्या कुठल्या नावानेही तो वसूल करता येत नाही.
- तो ऐच्छिक आहे, हे ग्राहकाला स्पष्ट सांगायला हवं.
- तो दिला नाही म्हणून प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही.
- तो बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावता येत नाही.

रेस्टॉरंट चालकांच्या दोन संघटनांनी याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं आणि त्याच महिन्यात स्थगिती मिळवली. पुढे २८ मार्च २०२५ रोजी न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी त्यांच्या याचिका फेटाळल्या. सर्व्हिस चार्जची सक्ती बेकायदा ठरवली आणि दोन्ही याचिकाकर्त्यांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. त्यानंतर संघटनांनी याच न्यायालयाच्या खंडपीठाकडे अपील केलं.

आमच्या बिलात ६४० रुपये सर्व्हिस चार्ज होता आणि त्यावर पुन्हा ५ टक्के जीएसटी. म्हणजे ६७२ रुपये. ही ओळ काढायला सांगितली असती तर बिल ६,७२० रुपये झालं असतं.

"मेन्यूच्या तळाशी लिहिलंय ना," असं मॅनेजर म्हणू शकतो. पण बारीक अक्षरात लिहिल्याने ऐच्छिक गोष्ट सक्तीची होत नाही.

मग टीप द्यायची की नाही?

टीप पूर्णपणे तुमची मर्जी. आपल्याकडे सेवा आवडली तर बिलाच्या ५ ते १० टक्के देण्याची पद्धत आहे, पण तसा नियम नाही. सर्व्हिस चार्ज दिला असेल तर वर टीप देण्याची गरज नाही.

ज्याने तुम्हाला वाढलं त्याच्यापर्यंत पैसे पोचावेत असं वाटत असेल, तर रोख त्याच्याच हातात द्या. सर्व्हिस चार्ज आधी मालकाच्या खात्यात जातो, त्यातलं वेटरला किती मिळतं ते आपल्याला दिसत नाही.

जीएसटी कुठे ५ टक्के, कुठे १८ टक्के?

हा कर द्यावाच लागतो. पण दर ठिकाणानुसार बदलतो.

स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के. एसी आहे की नाही, याने फरक पडत नाही.

बड्या हॉटेलच्या आवारातल्या रेस्टॉरंटमध्ये १८ टक्के. १ एप्रिल २०२५ पासूनच्या नियमानुसार, ज्या हॉटेलने आदल्या आर्थिक वर्षात एखादी खोली दिवसाला ७,५०० रुपयांपेक्षा जास्त दराने दिली असेल, किंवा ज्याने स्वतःहून तसं जाहीर केलं असेल, तिथल्या रेस्टॉरंटला हा दर लागतो. तुम्ही त्या हॉटेलात राहत नसलात, नुसते जेवायला गेलात तरीही.

आमचं ६,४०० रुपयांचं जेवण अशा रिसॉर्टमध्ये झालं असतं, तर सर्व्हिस चार्ज न देताही बिल ७,५५२ रुपये झालं असतं.

दारूवर जीएसटी लागत नाही. तिच्यावरचे कर राज्य सरकारचे असतात. त्यामुळे बिलात जेवण आणि मद्य वेगवेगळं दाखवलंय का, ते बघा. बिअरच्या किमतीवर जीएसटी लावलेला दिसला तर लगेच विचारा.

बिलावर जीएसटी क्रमांक आणि १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा. कर घेतलाय पण जीएसटी क्रमांकच नाही, असं असेल तर पैसे देण्याआधी थांबा.

परदेशात गेल्यावर काय बदलतं?

इथले नियम तिथे चालत नाहीत.

- सिंगापूर: मेन्यूत किमतीपुढे '++' असेल तर १० टक्के सर्व्हिस चार्ज आणि वर ९ टक्के जीएसटी लागतो. १०० डॉलरचं जेवण जवळपास १२० डॉलरला पडतं.
- थायलंड: तिथेही महागड्या ठिकाणी '++' दिसतं. सर्व्हिस चार्ज सहसा १० टक्के, व्हॅट ७ टक्के. शाकाहारी असाल तर फिश सॉसबद्दल आवर्जून विचारा, भाज्यांच्या पदार्थांतही तो घातलेला असतो.
- इटली: 'कोपेर्तो' नावाची माणशी ठरावीक रक्कम बिलात येते. ती ब्रेड आणि टेबलाच्या मांडणीची.
- अमेरिका: बसून जेवलात तर १५ ते २० टक्के टीप गृहीत धरली जाते. वेटरचं उत्पन्न मोठ्या प्रमाणात टिपेवरच चालतं.
- जपान: टीप देण्याची पद्धत नाही. ठेवलेले पैसे परत करायला वेटर तुमच्यामागे येऊ शकतो.

कार्ड स्वाइप करताना मशीन 'रुपयांत देणार की स्थानिक चलनात?' असं विचारतं. स्थानिक चलन निवडा. रुपये निवडले तर रूपांतराचा दर समोरची कंपनी ठरवते आणि तो सहसा महाग पडतो.

सर्व्हिस चार्ज काढायला नकार दिला तर?

१. आधी शांतपणे मॅनेजरला सांगा: "सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, आम्हाला द्यायचा नाही. बिल बदलून द्या." बऱ्याच ठिकाणी एवढ्यावर काम होतं.

२. तरीही नकार असेल तर भांडत बसू नका. पैसे द्या, बिलाचा आणि मेन्यूचा फोटो काढा.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करा. तिच्या मोबाइल अ‍ॅपवरूनही करता येते.

४. त्यानंतरही दाद मिळाली नाही तर ग्राहक आयोगाकडे 'ई-जागृती' पोर्टलवरून ऑनलाइन तक्रार दाखल करता येते. जिल्हाधिकाऱ्यांकडेही तक्रार करण्याची सोय आहे.

जाण्याआधी आणि बसल्यावर: लक्षात ठेवण्याच्या सहा गोष्टी

- टेबल बुक करताना आगाऊ रक्कम, ती परत मिळण्याची अट आणि ड्रेस कोड विचारून घ्या.
- घरात शाकाहारी किंवा कशाची अ‍ॅलर्जी असणारं कुणी असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.
- तीच जागा अनुभवायची असेल तर दुपारी जा. अनेक ठिकाणी दुपारचा सेट मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्त असतो.
- "आजचं स्पेशल" ऐकलं की किंमत विचारा. ते मेन्यूत नसतं, त्यामुळे त्याचा दरही दिसत नाही.
- न मागता टेबलावर काही आलं तर "हे कॉम्प्लिमेंटरी आहे का?" एवढं विचारा.
- बिल आलं की वाचा. दोन मिनिटं लागतात.

किंमत विचारली की आपण इथले वाटत नाही, ही भीती बहुतेकांना असते. मलाही होती, म्हणूनच मी "टू सिक्स्टी"चा अर्थ विचारला नाही. त्या रात्री सगळा हिशेब मी बाबांना समजावून सांगितला. पाण्याचे आणि सर्व्हिस चार्जचे मिळून बाराशेच्या वर वाचले असते, हे ऐकून ते थोडा वेळ गप्प होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही पुन्हा एका बऱ्यापैकी रेस्टॉरंटमध्ये गेलो. वेटरने विचारलं, "स्टिल ऑर स्पार्कलिंग?" मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "साधं पाणी आण रे. आणि मासा आधी वजन करून दाखव."

तो हसून म्हणाला, "आणतो ना, काका." आणि घेऊन आला.