आधी औषध, मग विष: यकृतरक्षक वनस्पतींच्या चाचण्यांची गोष्ट

  

घरात कुणाला कावीळ झाली की पुण्यात आजही कुणीतरी सांगतंच, "अमुक गावाला घेऊन जा, तिथे कावीळ उतरवतात." तिथे चुन्याच्या पाण्यानं हात धुतात, पाणी पिवळं होतं. गळ्यात काड्यांची माळ घालतात, ती रोज थोडी लांबते. आणि रोगी बरा होतो! याला आपण हसतो, पण रोगी खरंच बरा होतो. विषाणूची तीव्र कावीळ बहुतेक वेळा आपली आपणच उतरते. म्हणूनच यकृताच्या औषधांचा इतिहास इतका अवघड आहे. जे द्याल ते लागू पडतं.

पण कावीळ नेमकी कुठल्या विषाणूची? या प्रश्नात पुण्याचा मोठा वाटा आहे. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या साथीतले रक्तनमुने जपून ठेवलेले होते. आपल्याकडे १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर सुरू झालं होतं, तीच आजची एनआयव्ही. तिथल्या डॉ. खोरशेद पावरी आणि सहकाऱ्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञांबरोबर ते आणि इतर नमुने तपासले. १९८० साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी लिहिलं की आपल्याकडची ही साथीची कावीळ 'ए'चीही नाही आणि 'बी'चीही नाही. पुढे या तिसऱ्या विषाणूला हिपॅटायटिस 'ई' हे नाव मिळालं.

योगायोग असा, की त्याच १९८० साली मुंबईच्या डॉ. अंतरकर, डॉ. अशोक वैद्य वगैरे मंडळींनी काविळीच्या रुग्णांवर आरोग्यवर्धिनीची चाचणी प्रसिद्ध केली. तीही डबल ब्लाइंड! म्हणजे खरी गोळी कोणाला आणि नकली कोणाला, हे ना रुग्णाला ठाऊक ना डॉक्टरला. जो आजार आपोआप बरा होतो, त्याच्या औषधाची परीक्षा घ्यायची तर दुसरा प्रामाणिक मार्ग नाही. आरोग्यवर्धिनीच्या पाठात बाकी सगळ्या द्रव्यांच्या वजनाइतकी एकटी कुटकी असते. साहजिकच पुढचा प्रश्न आला: काम कुटकीच करते का? १९९६ साली वैद्यांच्याच गटानं त्याचं उत्तर शोधलं. कुटकीची पूड, ३७५ मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, दोन आठवडे. औषध १५ जणांना, नकली गोळी १८ जणांना. रक्तातलं बिलिरुबिन सरासरी २.५ पर्यंत उतरायला कुटकीवाल्यांना २७.४ दिवस लागले, इतरांना ७५.९. आकडे बोलके आहेत खरे, पण माणसं अवघी ३३. शिवाय नकली गोळीच्या गटाला लागलेले ते ७६ दिवस आम्हाला जरा जास्तच वाटतात. हीच चाचणी दहापट मोठी हवी होती.

त्याऐवजी वाढले ते उंदीर.

फार्मसीच्या कुठल्याही कॉलेजच्या ग्रंथालयात जा, हा प्रयोग कपाटभर सापडेल. उंदरांचे गट करायचे. एकाला काही नाही, एकाला नुसतं विष, एकाला विषासोबत सिलिमारिन, म्हणजे युरोपातल्या एका काटेरी झाडाच्या बियांमधलं द्रव्य, आणि बाकीच्यांना आपला अर्क, कमी-जास्त मात्रेत. विष म्हणून कार्बन टेट्राक्लोराइड किंवा पॅरासिटामॉलचा भला मोठा डोस. शेवटी एसजीओटी, एसजीपीटी मोजायचे आणि यकृताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. आकडे उतरले की वनस्पती 'यकृतरक्षक'.

यात दोन गोची आहेत. पहिली म्हणजे, अर्क बहुधा आधी काही दिवस देतात आणि विष नंतर. माणूस मात्र डोळे पिवळे झाल्यावर येतो. दुसरी जास्त बारीक आहे. कार्बन टेट्राक्लोराइड तसंच्या तसं यकृत जाळत नाही. यकृतातलीच एन्झाइम्स त्याचं घातक रूप तयार करतात. पॅरासिटामॉलचंही तेच. आता एखाद्या अर्कानं ती एन्झाइम्सच मंदावली, तर विष बनतच नाही आणि आकडे सुंदर येतात. पण विषाणूच्या काविळीत याचा काय उपयोग? उलट हीच एन्झाइम्स आपल्या बाकीच्या गोळ्यांचा निचरा करत असतात. ती मंदावली तर त्या गोळ्या अंगात साचणार.

गुळवेलीचं उदाहरण घेऊ. उंदरांच्या प्रयोगात ती यकृतरक्षक ठरलेली आहे. केईएममध्ये डॉ. रवी बापट, डॉ. निर्मला रेगे आणि मराठी वाचकांना लेखिका म्हणून माहीत असलेल्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी ती पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांवर तपासली. १९९३ सालचा तो निबंध मुळातून वाचावा असा आहे. यकृताच्या चाचण्यांत दोन गटांमध्ये फरक पडला नाही. फरक पडला तो प्रतिकारशक्तीत. शस्त्रक्रियेनंतर नेहमीच्या उपचारांवर ४० टक्के रुग्ण जगले, सोबत गुळवेल घेतलेल्यांत ९२.४ टक्के. म्हणजे ती यकृताला हात न लावता, पांढऱ्या पेशींना जागं करून काम करत होती.

मग करोना आला. घरोघरी काढे उकळू लागले. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळखच चुकली असेल. आक्षेप रास्त होता, दिसायला तशाच दुसऱ्या वेली आहेत. पुढच्या वर्षी देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची नोंद आली. त्यांतल्या अनेकांमध्ये स्वतःचीच प्रतिकारशक्ती यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या.

पांढऱ्या पेशींना जागं करण्याचा तोच गुण, पण शरीर वेगळं. प्रयोगशाळेतले उंदीर तरुण, निरोगी आणि एकाच वाणाचे असतात. त्यांच्यात हे दिसणारच नव्हतं.