काशी–नागपूर रस्ता : ठगांच्या नकाशापासून बसमधल्या कॅमेऱ्यापर्यंत

आज मी वाराणसीहून बोलते आहे, दुर्गाघाटाजवळच्या एका मराठी घराच्या ओसरीवरून. या गल्लीत चारचाकी शिरतच नाही, त्यामुळे गाड्यांबद्दल इथे निवांत बोलता येतं. काल आईला घेऊन नागपूरहून रस्त्याने आले. सुमारे साडेसातशे किलोमीटर. आजचा विषय तोच रस्ता.

जुन्या मंडळींना तो राष्ट्रीय महामार्ग 7 म्हणून आठवत असेल. वाराणसीला सुरू होऊन रीवा, जबलपूर, शिवनी, नागपूर करत थेट कन्याकुमारीला जाणारा, तेव्हाचा देशातला सर्वांत लांब महामार्ग. 2010 मध्ये क्रमांक बदलले आणि त्याचे तुकडे वेगवेगळ्या आकड्यांत वाटले गेले. वाट मात्र जुनीच. पूर्वी या वाटेने एकटं कुणी निघत नसे. आधी सोबत शोधायची, मग निघायचं. पंचाईत अशी, की ठगही सोबत म्हणूनच येत. चार मुक्काम गप्पा, एकत्र चूल, आणि मग एके पहाटे गळ्याभोवती रुमाल.

जबलपूरला बसून विल्यम स्लीमनने 1830 च्या दशकात ठगांचा बंदोबस्त केला, हे आपण ऐकलेलं असतं. त्यातले खरे ठग किती आणि नुसते वाटमारे किती, हा इतिहासकारांचा वाद अजून मिटलेला नाही. मला त्यातली एकच गोष्ट इथे हवी आहे. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांकडून मुडदे पुरायच्या जागा वदवून घेतल्या गेल्या आणि त्या नकाशावर उतरल्या. एकट्या अवध प्रांतात अशा अडीचशेहून जास्त जागा निघाल्या. वाटेवर धोका कुठे आहे हे कळलं, पण ते माणसं मेल्यावर.

आज आपण वेगळं काय करतो? महामार्गावरच्या ‘ब्लॅक स्पॉट’ची सरकारी व्याख्या बघा. साधारण 500 मीटरच्या टप्प्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजा झालेले पाच अपघात, किंवा दहा मृत्यू. म्हणजे जागा यादीत यायची तर आधी तेवढे बळी पडायला हवेत. 2022 मध्ये भारतात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्याच वर्षी युरोपीय संघात सुमारे 20,600. तिथली लोकसंख्या आपल्या तिसऱ्या हिश्शाएवढी आहे हे धरूनही हिशेब आपल्याच अंगावर येतो.

युरोपने रस्ते सुधारले, कायदे पाळायला लावले, आणि गाडीलाही कामाला लावलं. 1987 ते 1995 या काळात तिथे ‘प्रोमेथियस’ नावाचा प्रकल्प चालला, गाडीला डोळे देण्याचा. 1995 मध्ये अर्न्स्ट डिकमन्स यांची मोटार म्युनिकहून डेन्मार्कला जाऊन आली, बराचसा रस्ता कॅमेऱ्यांच्या आधाराने स्वतःच चालत. 31 मार्च 2018 पासून नव्या मॉडेलच्या मोटारींत अशी सोय सक्तीची झाली, की मोठी धडक बसली तर गाडी आपण होऊन 112 ला फोन लावते. जुलै 2024 पासून प्रत्येक नव्या मोटारीत वेगमर्यादा ओलांडली की इशारा देणारी यंत्रणा लागते. चालक ती बंद करू शकतो. पण गाडी पुन्हा सुरू केली की तीही पुन्हा सुरू. या नियमातला चिवटपणा मला फार आवडला.

आणि आता नागपूर. 2021 मध्ये तिथे ‘आय-रास्ते’ हा प्रकल्प सुरू झाला. महापालिका, इंटेल, हैदराबादची ट्रिपल आयटी, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था असे बरेच जण त्यात आहेत. शहर बसच्या पुढे कॅमेरा. समोरची गाडी फार जवळ आली, बस लेन सोडू लागली, की चालकाला इशारा. पण खरी गंमत पुढेच आहे. हे इशारे कुठे कुठे वाजले याची नोंद राहते, आणि जिथे ते वारंवार वाजतात त्या जागा ‘ग्रे स्पॉट’ म्हणून शोधता येतात. तिथे अजून कुणी मेलेलं नसतं, नुसतं थोडक्यात वाचलेलं असतं. स्लीमनच्या नकाशापासून इथवर यायला पावणेदोनशेहून जास्त वर्षं लागली.

आता कालची गोष्ट. शिवनीच्या अलीकडे माझ्या लक्षात आलं, की चालकदादांनी बेल्ट लावलेला नाही, तरी गाडी गप्प. बेल्टच्या खाचेत नुसतीच एक क्लिप खोचलेली. विचारलं तर म्हणाले, “लय डोकं खाते ताई तो आवाज.” ही क्लिप बाजारात सर्रास मिळायची. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांतून तिच्या 13,118 जाहिराती उतरवायला लावल्या, तरी ही एक उरलीच. ठग माणसाचा गळा आवळत. आम्ही सावध करणाऱ्याचाच आवळतो.

दादांना मी फार बोलले नाही. आदल्या रात्री ते दुसरं भाडं करून आले होते. मोटार वाहतूक कामगारांसाठी 2025 पर्यंत 1961 चा कायदा होता, दिवसाला आठ तासांचा. पण आमच्या प्रवासाचं वेळापत्रक ठरवताना ते आठ तास ना त्यांच्या मालकाला आठवले, ना मला. अशा माणसाला कॅमेरा जागं करील एकदा, दोनदा. झोप काही तो देऊ शकत नाही. म्हणून परतीला जबलपूरला मुक्काम करायचं ठरवलं आहे. आई कुरकुरते आहे, एक दिवस वाढला म्हणून.

ती क्लिप सध्या माझ्या पर्समध्ये आहे. दादांनी अजून मागितलेली नाही.