अनवाणी पाय आणि १९११ची शील्ड

सिंधुदुर्ग किल्ल्यात चुन्यावर उमटलेला एक हात आणि एक पाऊल जपून ठेवलेले आहे. ते शिवाजी महाराजांचे, असे मानतात. मालवणला येणारा पाहुणा होडीने किल्ल्यावर जातो, तो ठसा पाहतो आणि हात जोडतो. ज्यांनी तो चुना मळला, दगड वाहिले, त्यांच्या पावलांची चौकशी कोणी करत नाही. इतिहास कोणते पाऊल जपतो, हा प्रश्न मला हिंदी फुटबॉलमधल्या सर्वांत गाजलेल्या अनवाणी पावलांविषयी वाचताना पुन्हा पडला.

२९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मैदानावर आय.एफ.ए. शील्डचा अंतिम सामना झाला. ही स्पर्धा १८९३ साली सुरू झालेली, बाद पद्धतीची. हरला तो घरी गेला. तोवर एकाही हिंदी संघाने ती जिंकली नव्हती. त्या मोसमात मोहन बागान क्लबने सेंट झेवियर्स, रेंजर्स आणि रायफल ब्रिगेड यांना हरवले. मिडलसेक्स पलटणीशी बरोबरी झाली, तेव्हा फेरसामन्यात तिलाही नमवले. अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटने पहिला गोल केला. शिवदास भादुरीने बरोबरी साधली आणि खेळ संपत आला असताना अभिलाष घोषने विजयी गोल मारला. १९०५च्या फाळणीने दुखावलेला बंगाल त्या दिवशी रस्त्यावर नाचला. गोऱ्या पलटणीचे बूट विरुद्ध हिंदी अनवाणी पाय, हे चित्र तेव्हापासून राष्ट्रीय इतिहासात कायमचे बसले.

तो आनंद खोटा नव्हता. साम्राज्याचा माज उतरवणारा कोणताही गोल आपलाही आहे, याबद्दल माझ्या मनात संशय नाही. पण ते अकराजण कोण होते, हेही पाहिले पाहिजे. भादुरी, मुखर्जी, भट्टाचार्य, सेनगुप्ता, घोष ही आडनावे भद्रलोकांची आहेत. अकरांत बूट घालून खेळलेला एकटा सुधीर चॅटर्जी, आणि तो ख्रिस्ती होता. बाकीचे अनवाणी का खेळले? बूट महाग होते आणि सवय नव्हती, असे सांगितले जाते. ते खरेच असावे. मात्र त्यांनी बूट घातले असते, तर त्यांना कोणी झोडपले नसते.

याच देशात दुसरेही अनवाणी पाय होते. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत अस्पृश्याने सवर्णांच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्यायच्या, अशी रीत होती. ती वहाण ज्याने स्वतः शिवली, तोही ती काढून हातात घेई. या अनवाणीपणावर कोणी पोवाडा रचला नाही.

आणि चेंडूचे काय? फुटबॉल कातड्याचा. विलायती असो की देशी, कोणीतरी जनावर सोलल्याशिवाय तो होत नाही. आपल्याकडे मेलेले ढोर ओढणे महारांवर लादलेले, कातडे कमावणे ढोरांचे आणि शिवणे चांभारांचे. त्या कातड्याला कुलीन पाय सामनाभर लागले. विटाळ झाल्याची नोंद कुठे नाही. म्हणजे विटाळ कातड्याला चिकटलेला नव्हता. तो माणसाला चिकटवलेला होता.

आता त्याच १९११च्या उन्हाळ्यात इंग्लंडात काय चालले होते ते पाहू. पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली पहिला हिंदी क्रिकेट संघ तिथे दौऱ्यावर होता. त्यात बाळू पालवणकर हा चांभार समाजातला डावखुरा गोलंदाज आणि त्याचा भाऊ शिवराम होते. बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावाचे. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबावर महिना तीन-चार रुपयांत खेळपट्टी राखता राखता ते कॅप्टन ग्रेगला सरावासाठी चेंडू टाकू लागले. पुढे हिंदूंच्या संघाला जिंकण्यासाठी ते हवेसे झाले. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू चाले. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. इंग्लंडात तो संघ तेवीसपैकी पंधरा सामने हरला, पण त्या पडत्या संघात बाळूंनी एकशे चौदा बळी घेतले. कलकत्त्यात अनवाणी पायांचा जयजयकार होत होता, त्या आठवड्यात हा चांभाराचा मुलगा पायात बूट घालून साहेबाच्या देशात साहेबाच्या दांड्या उडवत होता.

मोहन बागानची कथा शाळकरी पोरालाही ठाऊक असते. बाळूंचे नाव क्रिकेटवेड्या महाराष्ट्रातही फार दिवस विस्मरणात पडले होते. संघ हरला म्हणून, असे कोणी म्हणेल. पण हिंदू संघ त्यांच्या जोरावर जिंकत होता, तेव्हाही त्याचे नायकपद त्यांना मिळाले नाही. ते मिळाले धाकट्या विठ्ठलला, १९२३ साली, तेही बऱ्याच भांडणानंतर.

बाळूंना आपणही सोयीपुरते उचलू नये. पुणे कराराच्या काळात ते बाबासाहेबांच्या बाजूला नव्हते. १९३७च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्धच उभे राहिले आणि हरले. ज्या संघाने चहा बाहेर दिला, त्याच समाजाच्या राजकारणात त्यांना आपली जागा शोधावीशी का वाटली, हे त्यांच्या खेळाइतकेच बारकाईने अभ्यासले पाहिजे. त्याच १९३७ साली मुंबईचा रोव्हर्स चषक प्रथमच एका हिंदी संघाने जिंकला. तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. त्या विजयाची कथाही कलकत्त्याच्या कथेइतकी कोणी सांगत नाही.