रोजकीर्द

मागच्या शनिवारी डोंबिवलीच्या घरी कपाट आवरायला घेतलं. बाबांना जाऊन आता वर्ष होईल. आमच्या बिल्डिंगचं रिडेव्हलपमेंट ठरलंय आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट काही केल्या सापडत नव्हतं. ते नाहीच सापडलं, पण खालच्या कप्प्यात बाबांच्या डायऱ्या निघाल्या. भावना वगैरे काही नाही हं त्यात. "पाणीपट्टी भरली, पावती निळ्या फायलीत." "८.१२ चुकली, हाफ डे." रोज रात्री जेवणानंतर चार-पाच ओळी. महिनाअखेरीस त्याच ओळी मागच्या पानांवर विमा, शाळा, सोसायटी अशा मथळ्यांखाली पुन्हा उतरवलेल्या.

मराठी माध्यमातून कॉमर्स केलेल्या बायकोने एका नजरेत सांगितलं, "अरे, ही रोजकीर्द आणि ही खतावणी!"

मी पडलो इंजिनिअर. मला तो लॉग आणि इंडेक्स वाटला. :) मग रविवार गेला वाचण्यात.

हे शब्द नुसते पाठ्यपुस्तकातले नाहीत. पेशव्यांचं पुण्यातलं हुजूर दफ्तर याच दोन शब्दांवर चालायचं. आपलं कल्याण तेव्हा सुभ्याचं ठिकाण होतं (जुन्या कल्याणात सुभेदार वाडा हे नाव अजून ऐकू येतं ते त्यामुळेच). अशा सुभ्यांचे हिशेब पुण्याला जायचे. तिथे त्या दिवशी सुटलेले हुकूम, दिलेल्या सनदा, चुकती केलेली रक्कम हे सगळं रोजकीर्दीत चढायचं. मोडीत, झरझर, घडलं त्या क्रमाने. कुठलं काम महत्त्वाचं, कुठल्या खात्याचं, हा विचार तेव्हा करायचाच नाही. ते काम खतावणीचं. तिथे तेच खात्यांप्रमाणे लावलं जायचं. आणि एकबेरीज दफ्तरात वर्षाचे गोषवारे तयार व्हायचे: जमा किती, खर्च किती, शिल्लक किती. कागदांचे गठ्ठे कापडात बांधून ठेवायचे, त्याला म्हणायचे रुमाल.

आता डेव्हिड अ‍ॅलनचं २००१ सालचं 'गेटिंग थिंग्ज डन' आठवा. आधी डोक्यातलं सगळं एका जागी उतरवा, वर्गवारी नंतर करा, ठराविक दिवशी आढावा घ्या. अ‍ॅलनसाहेबांनी हे पेशव्यांकडून उचललं असा दावा मी करत नाहीये! पण भरपूर कामं आणि अपुरी स्मरणशक्ती असली की माणूस बहुधा याच पायऱ्यांवर येतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. १८०० साली नाना फडणवीस गेले आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात दफ्तराची आबाळ झाली. १८१८ मध्ये राज्यच गेलं, दफ्तर इंग्रजांच्या हाती आलं. मग १८५२ साली इनाम कमिशनचा कायदा झाला. दख्खन आणि दक्षिण मराठा मुलुखातल्या इनामदारांना विचारणा सुरू झाली, ही जमीन तुमची कशावरून? पडताळणी होऊ लागली ती याच जुन्या कागदांवरून. पन्नास-साठ वर्षांपूर्वी कुण्या कारकुनाने दिवस मावळताना लिहिलेली एक ओळ आता एखाद्या घराच्या बाजूने किंवा विरुद्ध साक्ष देणार होती. त्या कारकुनाला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं. त्याने फक्त त्या दिवसाचं काम त्या दिवशी लिहिलं होतं.

आणि माझ्या याद्या? वंडरलिस्टमध्ये माझी पाच वर्षं होती. २०२० मध्ये ते बंद झालं. यादी दुसरीकडे हलवता येत होती, मी कंटाळा केला. त्यानंतर तीन अ‍ॅप्स झाली. काम झालं की टिक करायचं आणि ते नाहीसं होतं, छान वाटतं. पण उद्या मला काही झालं तर बायकोच्या हाती काय लागेल? "प्लंबर", "राहुलला फोन", "ते फॉर्मचं बघणे". कुठला फॉर्म, देव जाणे.

आपण यादी करतो ती डोकं हलकं व्हावं म्हणून. बाबा लिहायचे ते दुसऱ्या कुणाला कधीतरी लागेल म्हणून. दोन्ही हवंच, पण मी दुसरं कधी केलंच नाही.

सर्टिफिकेट? १९९७ च्या डायरीत, मागच्या पानावर, 'सोसायटी'खाली एक ओळ होती: "शेअर सर्टि. लॉकरमध्ये, आईच्या पाटल्यांच्या डब्यात." सोमवारी सुट्टी टाकून बँकेत गेलो. होतं तिथेच.

येताना स्टेशनजवळ एक डायरी घेतली. वर्षाच्या मध्यावर म्हणून अर्ध्या किमतीत मिळाली. पहिली नोंद तीच केली.