सोमेश्वर, तिसरा (भूलोकमल्ल)

(राज्यकाल सु. ११२६–११३८). कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा आणि ‘मानसोल्लास’ ऊर्फ ‘अभिलषितार्थचिंतामणी’ या संस्कृत ग्रंथाचा कर्ता. ज्याच्या दरबारी बिल्हणासारखा कवी व विज्ञानेश्वरासारखा धर्मशास्त्री नांदला, त्या सहाव्या विक्रमादित्याचा हा पुत्र. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण. नागपुरास सीताबर्डी येथे सापडलेल्या शके १००८ च्या शिलालेखात विक्रमादित्याच्या मांडलिकाचा निर्देश असल्याने, या घराण्याचा अंमल विदर्भाच्या मुलखापर्यंत पोहोचला होता हे निश्चित होते. सोमेश्वराच्या कारकीर्दीत होयसळांचे बळ वाढले. रणांगणावर पित्याची सर त्यास आली नाही. त्याची कीर्ती आहे ती ग्रंथकार म्हणूनच, आणि ‘सर्वज्ञ’ हे त्याचे बिरुद या एका ग्रंथानेही सार्थ ठरावे.

शके १०५१ (इ. स. ११२९) च्या सुमाराचा हा ग्रंथ पाच विंशतींचा, म्हणजे शंभर अध्यायांचा आहे. राज्य मिळवावे कसे व ते स्थिर करावे कसे हे पहिल्या दोन विंशतींत सांगून झाल्यावरच ग्रंथकार उपभोग, विनोद व क्रीडा यांकडे वळतो. हा क्रम आकस्मिक नाही: कलेचा आस्वाद हा सुव्यवस्थित राज्यकारभाराचा परिपाक होय, अशी त्याची धारणा या रचनेतच व्यक्त झाली आहे.

चित्रकलेचे विवेचन तिसऱ्या विंशतीत, राजगृहाच्या वर्णनाच्या ओघात येते. स्वतःस ‘चित्रविद्याविरिंचि’, म्हणजे चित्रकलेतील ब्रह्मदेव, म्हणवणारा हा राजा ऐकीव माहितीवर विसंबत नाही. भिंत चुन्याने गुळगुळीत कशी करावी, म्हशीचे कातडे शिजवून वज्रलेप कसा सिद्ध करावा, वासराच्या कानाच्या केसांची लेखणी कोणत्या कामी आणावी, शंखाचा पांढरा, हरिताळाचा पिवळा व काजळाचा काळा रंग कसा योजावा, हा सारा तपशील तो कारागिराच्या बारकाईने देतो. आरशातील प्रतिबिंबासारखे हुबेहूब ते विद्धचित्र, केवळ कल्पनेने उमटलेले ते अविद्धचित्र, आणि त्यांखेरीज रसचित्र व धूलिचित्र, असे प्रकारही त्याने मानले आहेत.

बुद्धिबळाचे प्रकरण पाचव्या विंशतीत (श्लोक ५६० पासून पुढे) आहे. पट, मोहऱ्यांची मांडणी व चाली यांचे वर्णन करून सोमेश्वर घोड्याच्या कूटाकडेही वळतो. एकही घर दुसऱ्यांदा न ओलांडता घोड्याने पटावरील सर्व घरे फिरावीत, हे ते कूट. काश्मीरच्या रुद्रटाने नवव्या शतकात ते अर्ध्या पटावर, काव्यबंधाच्या रूपाने साधले होते. युरोपात ऑयलरने त्याचे गणिती विवेचन १७५९ मध्ये केले. विसाव्या शतकात मार्सेल द्युशाँ या फ्रेंच चित्रकाराने बुद्धिबळाच्या अंतिम डावावर ग्रंथ लिहिला (१९३२), तेव्हा चित्र व पट यांचा एका बुद्धीत झालेला संयोग लोकांस नवलाचा वाटला. त्याच्या आठशे वर्षे आधी तो कल्याणीस घडून गेला होता. दोन्ही विषय एकाच लेखणीतून उतरले आहेत, ही गोष्ट सोमेश्वराच्या अभ्यासकांनी अद्याप पुरेशी मनावर घेतलेली नाही, असे आम्हांस वाटते.

मराठी वाचकास या ग्रंथाचे अगत्य आणखी एका कारणाने आहे. त्यातील गीतविनोदात, देशी भाषांतील पदांमध्ये, मराठी पदेही आढळतात; अमरावती जिल्ह्यातील रिद्धपुरास म्हाइंभटाने ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीची ही मराठी होय.

पित्याच्या चरित्रावरील ‘विक्रमांकाभ्युदय’ हा सोमेश्वराचा गद्यग्रंथ अपूर्ण राहिला. ‘मानसोल्लास’ ग. कु. श्रीगोंदेकर यांनी संपादिला व बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो तीन खंडांत निघाला (१९२५, १९३९, १९६१). क्रीडाविंशती शेवटच्या खंडात असल्याने, १९१३ साली मरे यांचा बुद्धिबळाचा बृहद् इतिहास प्रसिद्ध झाला त्या वेळी हे प्रकरण हस्तलिखितांतच पडून होते.