ट्रेक : ओझ्याचा शब्द

“टोप कोण घेणार?” आमचा प्रत्येक ट्रेक या प्रश्नाने सुरू व्हायचा. वीस जणांची खिचडी शिजेल एवढा तो ॲल्युमिनियमचा टोप. सॅकमध्ये मावायचा नाही, वरून आडवा बांधायला लागायचा आणि करवंदीच्या जाळीत दर दहा पावलांना अडकायचा. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे वाटून घेतले जात. टोप मात्र वाटता यायचा नाही. ‘ट्रेक’ शब्दाचं कूळ शोधताना तो टोप मला सारखा आठवत होता, कारण हा शब्द मुळात चालण्याचा नाहीच. तो ओढण्याचा आहे.

डच भाषेत ‘ट्रेकन’ म्हणजे ओढणे, खेचणे. बंदुकीचा चाप बोटाने ओढायचा, म्हणून डच माणूस चापाला ‘ट्रेकर’ म्हणाला आणि इंग्रजीत जाऊन त्याचा ‘ट्रिगर’ झाला. डोंगर चढणारा ट्रेकर आणि बंदुकीचा ट्रिगर असे एकाच घरातले निघतात. डचांची वखार आपल्या वेंगुर्ल्यात होती, पण हा शब्द त्या वाटेने आपल्याकडे आला नाही. तो आफ्रिकेच्या दक्षिण टोकावरून, बराच फिरून आला.

केप वसाहतीतले डच वंशाचे शेतकरी म्हणजे बोअर. त्यांच्या अवजड, झाकलेल्या गाड्यांना कधी बारा, कधी सोळा बैल जुंपलेले असत. बैलांनी गाडी ओढणं हा त्यांचा ‘ट्रेक’. पुढे एका दमात तोडलेल्या पल्ल्यालाही, बैल जुंपल्यापासून सोडेपर्यंतच्या अंतरालाही, तेच नाव पडलं. आपण ‘मजल’ म्हणतो, नेमकी तीच ही गोष्ट. बैल सोडायच्या जागेलाही त्यांच्याकडे वेगळा शब्द होता. आपल्याकडे गाडीतळ आहे तसा.

१८३५च्या सुमारास या बोअरांची अनेक कुटुंबं केप सोडून निघाली. इंग्रजांचा अंमल त्यांना जाचत होता, शिवाय १८३४ मध्ये गुलामगिरी बंद झाल्याचा रागही होता. घरदार गाडीत घालून ती उत्तरेकडे सरकली आणि त्या स्थलांतराला ‘ग्रेट ट्रेक’ हे नाव मिळालं. वाटेत ड्राकेन्सबर्गचा कडा आडवा आला. तिथून गाड्या उतरवताना मागची चाकं काढून त्या जागी झाडाचे ओंडके बांधत, म्हणजे गाडी पळत सुटण्याऐवजी जमिनीला घासत, खरडत खाली येई. रात्री गाड्यांचं रिंगण करायचं, मधल्या फटींत काटेरी फांद्या कोंबायच्या आणि आत माणसांनी पाठ टेकायची. त्यांचा मुक्काम तो असा.

या प्रवासावर अभिमानाने पुष्कळ लिहिलं गेलं. पण बैलांच्या पुढच्या जोडीचा कासरा धरून अनवाणी चालणारं पोर बहुधा कृष्णवर्णीय असे. गाड्यांबरोबरच्या नोकरांत कालपरवापर्यंत गुलाम असलेली माणसं होती. ज्यांच्या भूमीत ही चाकं शिरली त्यांच्याशी लढाया झाल्या आणि त्यांच्या जमिनी गेल्या. शब्दाचं कूळ सांगायचं तर हेही सांगायलाच हवं.

इंग्रजीने हा शब्द उचलला तेव्हा बैल हळूहळू मागे पडले. लांबचा, खडतर प्रवास एवढाच अर्थ उरला. त्याला हिमालयात बसवण्यात मोठा वाटा जिमी रॉबर्ट्स यांचा. गुरखा पलटणीत अधिकारी राहिलेले रॉबर्ट्स १९५३च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होते. १९६४ मध्ये त्यांनी काठमांडूत ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी तीन अमेरिकन बायकांना घेऊन पहिला ट्रेक नेला. शिखर गाठायचं नाही, पण बाकी थाट मोहिमेचा : तंबू, स्वयंपाकी, शेर्पा, हमाल. रोज सकाळी तळ उठवायचा, संध्याकाळी पुढे मांडायचा. इथे बैलांच्या जागी माणसांच्या पाठी आल्या.

आपल्याकडे डोंगर हिंडणं या शब्दाच्या कितीतरी आधीपासून होतं. लेखक गो. नी. दांडेकरांनी गड पायाखाली घातले ते ‘दुर्गभ्रमण’ म्हणून. साध्या बोलण्यात ‘भटकंती’ होती, आजही आहे. तरी ‘ट्रेक’ आला आणि मराठीने त्याला पुल्लिंगी करून घरात घेतलं. आता ट्रेकला जातात, ट्रेक मारतात, एखादा ट्रेक हुकल्याची हळहळ महिनाभर पुरते. मला तो परका वाटत नाही. नाणेघाटातून शतकानुशतकं लदलेले बैल कोकणातून जुन्नरकडे चढले. माथ्यावर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण अजून उभा आहे. बैल, ओझं, मजल, मुक्काम हे सगळं सह्याद्रीला आधीच ठाऊक होतं.

एका पावसाळ्यानंतर आम्ही सह्याद्रीतल्या दाट जंगलात दोन रात्रींसाठी गेलो होतो. पायथ्याच्या वाडीत नेहमीचा प्रश्न निघाला आणि नेहमीसारखेच सगळे बुटांच्या नाड्या बांधायला वाकले. वाटाड्या म्हणून आलेले मामा जरा वेळ बघत राहिले. मग त्यांनी खांद्यावरच्या घोंगडीची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर टोप चढवला आणि एका हातात कोयता घेऊन झाडीत शिरले. आम्ही वीस जण त्यांच्या मागे निघालो. पूर्ण चढभर त्या टोपावर फांद्या आपटल्याचा आवाज पुढून येत होता, आणि आमच्यापैकी कोणीही “मामा, आता मी घेतो” असं म्हणालं नाही.